हिशेबामागची सेटिंगही जाहीर करा

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झाले आणि पुढचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे ठरला. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या लाखो प्रवाशांना २६ हा आकडा पाठ आहे, पण तो आला कुठून हे सहसा कुणी पाहत नाही. १७.१४ ला दीडने गुणले की २५ रुपये ७१ पैसे येतात. जवळच्या रुपयाला पूर्ण केले की २६. याच रीतीने दोन किलोमीटरचे ३४ रुपये २८ पैसे ३४ वर उतरतात. आधीच्या दरातही हेच होते: १५ रुपये ३३ पैशांनी दीड किलोमीटरचे २२ रुपये साडेनव्व्याण्णव पैसे आणि मीटरवर २३. म्हणजे एका टप्प्यावर प्रवासी २९ पैसे जास्त देतो, दुसऱ्या टप्प्यावर २८ पैसे कमी. यात कुणाचीही फसवणूक नाही. दर जाहीर झाला, दरपत्रक छापले गेले, मीटर नव्या दराला जुळवून घेण्यासाठी मुदत मिळाली. ज्याला शंका येईल त्याने कागद-पेन्सिल घ्यावी आणि पडताळून पाहावे. सार्वजनिक हिशेब असाच असायला हवा. दर हा नियम झाला. पैसे कुठे तोडायचे, किलोमीटर कुठून मोजायचा, जवळच्या रुपयाला न्यायचे की वरच्या, या झाल्या सेटिंग. आकडा दोन्ही मिळून ठरतो. रिक्षाच्या बाबतीत दोन्ही उघड आहेत. पण महापालिकेच्या करापासून रेल्वेच्या भाड्यापर्यंत आज आपले बहुतेक हिशेब संगणक करतो, आणि तिथे नियम राजपत्रात सापडला तरी सेटिंग शोधावी लागते. ती नियमाइतकीच ठळकपणे, निकालाच्या शेजारी जाहीर व्हावी, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहाला आधार संगणकशास्त्रातल्याच एका जुन्या, आता फारशी चर्चेत नसलेल्या भाषेत मिळतो. तिचे नाव एपीएल. केनेथ आयव्हर्सन या कॅनेडियन गणितज्ञाने १९६२ मध्ये ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक लिहिले आणि त्या पुस्तकाच्याच आद्याक्षरांवरून भाषेला नाव पडले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती आयबीएमच्या यंत्रांवर चालू लागली आणि १९७९ मध्ये आयव्हर्सन यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गणिती चिन्हांनी भरलेली, एका ओळीत पानभर काम करणारी अशी तिची ख्याती. विमा, वित्त आणि सांख्यिकी या क्षेत्रांत तिचा वापर बराच काळ टिकला आणि ‘डायलॉग’सारख्या तिच्या आवृत्त्या आजही जिवंत आहेत. इथे मात्र तिच्या चिन्हांपेक्षा तिची एक शिस्त महत्त्वाची आहे. हिशेबाच्या उत्तरावर परिणाम करणाऱ्या मोजक्या गोष्टींना या भाषेने स्वतंत्र नावे दिली आणि प्रत्येक नावाआधी चौकोनाचे एकच ठरलेले चिन्ह ठेवले. मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकपासून, ही एक. दोन संख्यांत किती सूक्ष्म फरक असला तरी त्या समान मानायच्या, ही दुसरी. उत्तर किती अंकांपर्यंत दाखवायचे, ही तिसरी. शून्याने भागले तर काय करायचे, ही डायलॉगने घातलेली आणखी एक. चौकोनासह ते नाव टाइप केले की सध्याची किंमत समोर येते. नवी किंमत लिहिली की त्या क्षणापासून हिशेब बदलतो. कुठेही काही लपवलेले नाही.

या सेटिंग किती खोलवर काम करतात, ते आपल्या रोजच्या रेल्वेमार्गावर पाहू. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी आठ स्थानके क्रमाने एका यादीत ठेवली आणि एपीएलला चौथे स्थानक विचारले, तर डीफॉल्ट सेटिंगनुसार मोजणी एकपासून सुरू होते आणि उत्तर येते दिवा. मोजणीचा आरंभ शून्य करून तोच प्रश्न तसाच विचारला तर उत्तर येते कोपर. प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नाही. आठवे स्थानक विचारले असते तर शून्याच्या मोजणीत तो क्रमांकच नसल्याने यंत्राने चूक दाखवली असती आणि प्रोग्रॅम लिहिणारा सावध झाला असता. पण एक ते सात या क्रमांकांना दोन्ही सेटिंगमध्ये उत्तर आहे, फक्त ते वेगळे आहे. खरा धोका या सात क्रमांकांत आहे. काम थांबवणारी चूक त्याच दिवशी सापडते. जिचे उत्तर बरोबर दिसते ती चूक वर्षानुवर्षे सापडत नाही. समानतेच्या सेटिंगचेही असेच आहे. संगणक संख्या द्विमान पद्धतीने साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याच्या पोटात नेमकी ०.३ होत नाही. सतराव्या दशांशाच्या आसपास कणभर उरते. एपीएल डीफॉल्टनुसार एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करून ‘समान’ असे उत्तर देते, कारण माणसाला तेच अपेक्षित असते. ही सूट शून्यावर आणली की तीच भाषा त्याच दोन संख्यांना ‘असमान’ म्हणते. दोन तृतीयांश ही संख्या पडद्यावर दहा अंकांत दिसते की ०.६६७ एवढीच, हेही एक सेटिंग ठरवते. आत साठवलेली संख्या तीच राहते, पण पडद्यावरचा आकडा उतरवून पुढचे गणित करणाऱ्याचे उत्तर बदलते. आणि शून्याला शून्याने भागल्यावर डायलॉगमध्ये डीफॉल्टनुसार एक येतो, दुसऱ्या सेटिंगमध्ये शून्य. ज्या शाळेत एकही विद्यार्थी परीक्षेला बसला नाही, तिचा निकाल शंभर टक्के लागला म्हणायचे की शून्य टक्के, हा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर गणितात नाही, ते माणसाने ठरवायचे आणि सांगायचे असते.

आता या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग. एपीएलच्या सुरुवातीच्या काळात या सेटिंग आज्ञांच्या स्वरूपात होत्या. वापरणारा माणूस यंत्रासमोर बसून ‘मोजणी शून्यापासून’ असा हुकूम द्यायचा आणि तो त्याच्या सगळ्या कामाला लागू व्हायचा. अडचण लवकरच लक्षात आली. एकाने शून्याची मोजणी गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने एकची मोजणी असलेल्या जागेत आणला की उत्तरे सरकायची, आणि प्रोग्रॅमला स्वतःपुरती ती सेटिंग जाहीर करण्याची सरळ सोय नव्हती. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने या सेटिंगना आज्ञांऐवजी चलांचे रूप दिले. त्यामुळे प्रत्येक फंक्शनला आपल्या पहिल्या ओळीत जाहीर करता येऊ लागले की अमुक सेटिंग माझ्यापुरती आहे, आणि लगेच तिची किंमतही लिहिता येऊ लागली. फंक्शनचे काम संपले की बाहेरची जुनी किंमत आपोआप परत येते. आजही जाणते एपीएल प्रोग्रॅमर दुसऱ्याच्या हाती द्यायच्या कोडमध्ये सुरुवातीलाच मोजणीचा आरंभ लिहून टाकतात, तो डीफॉल्टइतकाच असला तरी, कारण समोरच्याचा डीफॉल्ट काय असेल याचा भरवसा नसतो. यातून तीन नियम निघतात: उत्तर बदलू शकणाऱ्या प्रत्येक सेटिंगला नाव हवे, ते कुणालाही विचारता यायला हवे, आणि त्याची किंमत ज्या हिशेबाला लागू आहे त्या हिशेबाच्या शेजारीच लिहिलेली हवी. सार्वजनिक कारभाराला मी हेच तीन नियम लावू पाहतो.

ते लावल्यावर आपल्याच परिसरातल्या दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली दादरची. ठाणे-कल्याणहून निघून पश्चिम रेल्वेवर जाणाऱ्या माणसाला दादरला गाडी बदलावी लागते, आणि तिथे पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात. ‘एक नंबरवर ये’ म्हटले की कुठल्या एक नंबरवर, हे वेगळे विचारावे लागे. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत मोजायला सुरुवात झाली. रूळ, गाड्या, जिने कशालाच हात लागला नाही. बदलला तो फक्त मोजणीचा आरंभ, आणि एक जुना गोंधळ संपला. हा बदल तारीख सांगून, पाट्या बदलून, घोषणा करून झाला. दुसरी गोष्ट कोकण रेल्वेची. गणपतीला आणि शिमग्याला ठाणे, दिवा, डोंबिवलीतून गावी जाणारी हजारो कुटुंबे या मार्गाने जातात. दिवा-सावंतवाडी गाडीची गर्दी इथल्या माणसाला सांगायला नको. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने कर्जरोख्यांतून पैसा उभा करून हा मार्ग बांधला आणि २६ जानेवारी १९९८ पासून तो पूर्ण लांबीने सुरू झाला. बांधकामाचा अवाढव्य खर्च भरून निघावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी या मार्गावरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के जास्त धरले गेले: शंभर किलोमीटरचे भाडे १४० किलोमीटरच्या हिशेबाने. ही वाढ योग्य की अयोग्य, ती कधी संपावी, यावर मतभेद होऊ शकतात, आणि ती रद्द करण्याची मागणी कोकणातून वारंवार होत आली आहे. माझा मुद्दा आधीच्या पायरीवरचा आहे. भाड्याचा दर देशभर तोच आहे असे नियम सांगतो. प्रत्यक्षात जास्त पैसे पडतात ते अंतराच्या सेटिंगमुळे. ज्याला ही सेटिंग माहीत नाही तो दराविषयी भांडत राहतो, आणि चुकीच्या जागी भांडल्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे जाते. सेटिंग समोर असली की वाद निदान खऱ्या मुद्द्यावर होतो.

क्षुल्लक वाटणारी सेटिंग किती लांबवर नेऊ शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचे आहे. त्या बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दशांश चिन्हापुढचे तीन अंक ठेवले जात. फक्त ते जवळच्या अंकाला पूर्ण करण्याऐवजी चौथ्या अंकापासून पुढचे सरळ कापून टाकले जात. एका वेळी हरवणारा भाग हजाराव्या हिश्श्याहूनही कमी, पण तो नेहमी एकाच दिशेने हरवत होता आणि दिवसाला हजारो वेळा हरवत होता. नोव्हेंबर १९८३ च्या अखेरीस निर्देशांक ५२४.८११ वर आला होता. गणित दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे बाजार प्रत्यक्षात वर असताना त्याचा आकडा निम्म्यावर येत राहिला. सूत्र बरोबर होते आणि व्यवहारांची माहितीही बरोबर होती. चुकले होते ते एकच: उरलेला अपूर्णांक कापायचा की जवळच्या अंकाला न्यायचा, ही निवड. ती नागरिकांसमोर लिहिलेली असती तर कुठल्यातरी हिशेबी माणसाने पहिल्या महिन्यातच हटकले असते, असे मानायला जागा आहे. रिक्षाच्या मीटरमध्ये २९ पैसे वर आणि २८ पैसे खाली जातात म्हणून तिथे ही घसरण साचत नाही. राऊंड ऑफची रीत दोन्ही बाजूंना झुकणारी आहे की एकाच बाजूला, यावर सारे अवलंबून असते, आणि म्हणूनच ती रीत सांगितली गेली पाहिजे.

हा विषय ठाणे जिल्ह्यात विशेष जवळचा आहे, कारण महाराष्ट्रातल्या पालिकांच्या संगणकीकरणात कल्याण-डोंबिवलीचे नाव अग्रभागी आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतच तिथे नागरी सुविधा केंद्र आणि ई-गव्हर्नन्सची व्यवस्था उभी राहिली, आणि पुढे तिचे प्रारूप राज्यातल्या इतर पालिकांसाठी घेण्याचे ठरले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एका शहरासाठी बांधलेली व्यवस्था दुसऱ्या शहरात नेणे म्हणजे नेमके काय? मांडणी तीच राहते, सेटिंग बदलतात. मालमत्ता करापुरते पाहा. महापालिका कायद्यानुसार वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढायचे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावायची. अभय योजना आली की त्यातला ठरलेला भाग माफ करायचा. कायदा इतके सांगतो. संगणकाला मात्र आणखी पुष्कळ सांगावे लागते. महिना कुठल्या तारखेपासून मोजायचा, भाड्याचा दर कुठल्या वर्षाचा धरायचा, क्षेत्रफळ दशांशात आले तर काय करायचे, पैसे प्रत्येक शीर्षापाशी पूर्ण करायचे की शेवटच्या बेरजेला. या शेवटच्या प्रश्नाचेच पाहू. बिलात सहा शीर्षे असून प्रत्येक ३४० रुपये ५० पैशांचे असेल, तर एकूण बेरीज २०४३ रुपये होते. पण प्रत्येक शीर्ष आधी वरच्या रुपयाला नेले तर ३४१ गुणिले सहा, म्हणजे २०४६. तीन रुपयांचा फरक. एका घराला तो जाणवणारही नाही. अशी एक लाख बिले असतील तर तो तीन लाख रुपये होतो, आणि कुठल्याही ठरावाशिवाय होतो. शिवाय एकाच महापालिकेतही सगळीकडे एकच किंमत चालत नाही. १ जून २०१५ पासून पुन्हा कल्याण-डोंबिवलीत आलेल्या २७ गावांच्या कराचा प्रश्न किती तापला, हे सर्वांना माहीत आहे. अशा ठिकाणी कुठल्या भागाला, कुठल्या तारखेपासून, कुठली किंमत लागू आहे हे बिलाशेजारीच लिहिलेले असेल, तर निदान गैरसमजातून होणारा संताप टळेल. आणि रास्त तक्रार असेल तर ती नेमक्या शब्दांत मांडता येईल.

बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरचे डीफॉल्ट हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. एपीएलच्या वंशातली ‘क्यू’ नावाची भाषा जगभरच्या बँका बाजारातल्या व्यवहारांची प्रचंड माहिती हाताळण्यासाठी वापरतात. मजकुरातून तारीख वाचताना महिना आधी की दिवस आधी, यासाठी तिच्यात एक सेटिंग आहे, आणि तिचा डीफॉल्ट अमेरिकी पद्धतीचा, म्हणजे महिना आधी असा आहे. आपल्याकडे ५ मार्चला ०५/०३ लिहितात. हा डीफॉल्ट त्याला ३ मे समजतो. २५ मार्च असेल तर पंचविसावा महिना नसल्याने घोळ लगेच उघड होतो, पण प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस निमूटपणे चुकू शकतात. स्थानकांच्या यादीतल्या एक ते सात क्रमांकांसारखाच हा सापळा आहे. कुणीतरी दूरच्या देशात स्वतःच्या सोयीने ठरवलेली किंमत आपल्या नोंदींवर राज्य करते, आणि तिला कुणी हात लावला नाही म्हणून ती ‘नैसर्गिक’ वाटू लागते. डीफॉल्ट हाही एक निर्णयच असतो. निविदा काढून सॉफ्टवेअर घेणाऱ्या संस्थेने तो निर्णय स्वीकारला की बदलला, हे लिहून ठेवणे तिची जबाबदारी आहे. ऐरोली, वागळे इस्टेट किंवा मुंबईकडे रोज कामाला जाणाऱ्या इथल्या हजारो संगणक अभियंत्यांना हे शहाणपण कामाच्या ठिकाणी अंगवळणी पडलेले असते. नागरिक म्हणून त्यांनी तीच अपेक्षा आपल्या महापालिकेकडून ठेवावी, इतकेच.

या मागणीवर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. सर्वात भक्कम आक्षेप एपीएलच्या इतिहासातूनच येतो. मोजणी शून्यापासून की एकपासून, यावर त्या भाषेच्या जाणकारांत दशकानुदशके वाद झाले, आणि शेवटी स्वतः आयव्हर्सन यांनी रॉजर हुई यांच्यासह १९९० मध्ये ‘जे’ ही पुढची भाषा आणली तेव्हा ही निवडच काढून टाकली. तिथे मोजणी शून्यापासूनच सुरू होते. मग सेटिंग जाहीर करत बसण्यापेक्षा सर्वांसाठी एकच रीत ठरवून सेटिंग रद्द का करू नये? जिथे शक्य आहे तिथे जरूर करावे. दादरचे फलाट हे त्याचेच उदाहरण. पण ‘जे’मध्येही समानतेची सूट आणि दाखवायचे अंक या सेटिंग शिल्लक राहिल्या, कारण त्यांना सगळ्या कामांसाठी योग्य अशी एकच किंमत नाही. सार्वजनिक कारभारात तर हे अधिकच खरे. रेल्वे आणि महापालिका, शहर आणि नव्याने आलेले गाव, २०१५ आणि २०२५ यांचे नियम वेगळे असणारच, कारण ते लोकप्रतिनिधींनी वेगवेगळ्या परिस्थितीत केलेले आहेत. एकरूपता आणता येत नसेल तिथे उघडपणा हवाच, आणि एकरूपता आणायची असेल तरी आधी आज काय काय आहे ते मांडावे लागतेच.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला एवढ्या बारकाव्यात रस नसतो. त्याला बिल भरायचे असते. बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे. पण ताळेबंद सगळेच वाचत नाहीत म्हणून तो छापणे बंद होत नाही. सोसायटीचा एखादा सचिव, निवृत्त लेखापाल, वकील, पत्रकार, गणिताचा शिक्षक असे काही मोजके लोक तपासतात आणि त्यांच्या तपासणीचा लाभ सर्वांना होतो. डोंबिवली आणि ठाण्यासारख्या शहरांत अशा माणसांची वाण नाही. तिसरा आक्षेप सुरक्षेचा: यंत्रणेची अंतर्गत रचना उघड केली तर गैरवापर होईल. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पासवर्ड, सर्व्हरची जागा, प्रवेशाचे अधिकार गुप्तच राहायला हवेत. मात्र पैसे कुठल्या रुपयाला पूर्ण होतात किंवा महिना कुठून मोजला जातो, हे कळल्याने कुणी यंत्रणेत घुसू शकत नाही. जी रीत कळल्यावर हिशेब धोक्यात येतो, तो हिशेब आधीच सदोष आहे. चौथा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. पण या किमती प्रणालीत कुणीतरी भरलेल्या आहेतच. त्या शोधून एका पानावर आणायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आणि जर असे निघाले की त्या नेमक्या कुठे आणि काय भरल्या आहेत हे संस्थेतच कुणाला सांगता येत नाही, तर तो खर्च टाळण्याचा मुद्दा राहत नाही, तातडीने हाती घेण्याचा ठरतो.

कायद्याची वाटही यासाठी नवी काढावी लागणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक संस्थांना कुणी न मागताही माहिती प्रसिद्ध करायला सांगते, आणि त्यात संस्थेने आपल्या कामासाठी ठरवलेल्या मानकांचाही समावेश आहे. संगणकात भरलेली राऊंड ऑफची रीत हे आजच्या काळातले मानकच आहे. ती कागदावर नसून कोडमध्ये आहे, एवढ्याने तिचा दर्जा बदलत नाही. त्या आधारावर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी चार गोष्टी कराव्यात. करआकारणीत उत्तर बदलू शकणाऱ्या प्रत्येक सेटिंगचे नाव आणि सध्याची किंमत मराठीत एका पानावर प्रसिद्ध करावी. किंमत बदलली की जुनी किंमत, नवी किंमत, तारीख आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद त्याच पानावर नोंदवावे, जुनी नोंद पुसू नये. प्रत्येक बिलावर ते कुठल्या तारखेच्या सेटिंगने काढले हे छापावे. आणि एका नमुना घराचे बिल पायरीपायरीने सोडवून दाखवावे, म्हणजे दहावी झालेल्या मुलालाही आपल्या घराचे बिल त्या रीतीने तपासता येईल. यासाठी नवा कायदा, नवी समिती किंवा मोठा निधी लागत नाही. लागते ती प्रशासनाची तयारी आणि नगरसेवकांचा पाठपुरावा.

कर भरणारा माणूस हिशेबातल्या प्रत्येक पैशाबद्दल वाद घालत नाही. आकडा कसा आला हे विचारले तर सांगितले जाईल, एवढा विश्वास त्याला हवा असतो. संगणक आल्यावर ‘सिस्टीममध्ये असेच येते’ हे वाक्य खिडकीपलीकडून ऐकू येऊ लागले, आणि या वाक्यापुढे नागरिक व कर्मचारी दोघेही हतबल होतात, कारण दोघांनाही सिस्टीमला विचारण्याची सोय नाही. ही सोय एका प्रोग्रॅमिंग भाषेने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या वापरकर्त्यांना दिली. तिच्या निर्मात्यांनी ओळखले होते की निवड लपवली की जबाबदारीही लपते, आणि निवडीला नाव दिले की तिच्याबद्दल जाब विचारता येतो. लोकांच्या पैशांचा हिशेब करणाऱ्या यंत्रणेकडून याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे काहीच कारण नाही. पुढच्या आर्थिक वर्षाची बिले निघण्याआधी दोन्ही महापालिकांनी असे पान प्रसिद्ध करावे, आणि तसे झाले नाही तर प्रत्येक प्रभागातल्या नागरिकांनी माहिती अधिकाराखाली ते मागावे.